परकीय थेट गुंतवणूक (कोल्हापूर)

परदेशी कंपनीने वा व्यक्तीने देशी उद्योगाच्या व्यवस्थापनात टिकाऊ सहभाग मिळवण्यासाठी घातलेले भांडवल. शेअर बाजारातील खरेदी-विक्रीपुरती गुंतवणूक यात धरत नाहीत. सूचीबद्ध कंपनीत दहा टक्के वा अधिक हिस्सा ही भारतातील सध्याची सीमारेषा होय.

उदारीकरणाचा आरंभ कधी मानावा, याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक ऐंशीच्या दशकातील परवाना-शिथिलीकरण व १९८२ चा मारुती–सुझुकी करार येथपर्यंत मागे जातात. तथापि १९७३ च्या ‘फेरा’ (परकीय चलन नियमन) कायद्यातील परकीय हिश्श्यावरची ४० टक्क्यांची सर्वसाधारण मर्यादा तेव्हा कायम होती. ती २४ जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने ओलांडली व ३४ अग्रक्रमाच्या उद्योगांत ५१ टक्क्यांपर्यंत आपोआप मंजुरी मिळू लागली. त्यामुळे हीच तारीख अधिक ग्राह्य वाटते. फेराची जागा पुढे ‘फेमा’ (परकीय चलन व्यवस्थापन) कायद्याने घेतली (अंमल १ जून २०००).

कोल्हापूर परिसरात उद्यमनगर, शिरोली व गोकुळ शिरगाव येथील फौंड्र्यांचा (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांचा) परदेशाशी संबंध मुख्यतः कास्टिंगच्या ऑर्डरींतून आला, भांडवलातून कमी. लघुउद्योगात परकीयांसह अन्य उद्योगांनी २४ टक्क्यांहून अधिक हिस्सा घेतल्यास त्याचा लघुउद्योगाचा दर्जा जाई, हे त्याचे एक कारण असावे. घरच्या कारखान्यात भागीदार न घेण्याची वृत्तीही विसरता येत नाही.

थेट भांडवल आले ते कागल–हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत, आणि तेही उंची सुती शर्टिंगसाठी. संस्थानकाळात १९०६ साली स्थापन झालेल्या शाहू मिलच्या गावी हे सर्वस्वी नवल नव्हे. रेमंडने इटलीच्या झांबायती समूहाशी निम्म्या भागीदारीत येथे गिरणी काढली; तीच पुढे रेमंड लक्झरी कॉटन्स झाली. तुर्कस्तानच्या सोकताश कंपनीने स्वतंत्र प्रकल्प उभारला. तो २०१९ मध्ये सुमारे १६५ कोटी रुपयांच्या मूल्यांकनाने ग्रासिम या भारतीय कंपनीकडे गेला. अशी माघार एकूण आवकेच्या आकड्यांत दिसत नाही. निव्वळ गुंतवणूक काढताना ती वजा होते.

जिल्ह्याचा वाटा ठरवताना हाच हिशेब अडतो. आवकेची आकडेवारी दीर्घकाळ रिझर्व्ह बँकेच्या विभागीय कार्यालयांनुसार प्रसिद्ध होई, आणि मुंबई कार्यालयाच्या आकड्यात महाराष्ट्राबरोबर दादरा-नगर हवेली व दमण-दीवही येत. राज्यवार आकडे ऑक्टोबर २०१९ पासून मिळतात. तोवर सोकताशची गिरणी भारतीय मालकीची झाली होती.