फिफ्थ व्हील घेतलंय ना? मग आधी छप्पर आणि चाकं बघा

नमस्कार मंडळी! डॅलस-फोर्ट वर्थच्या आसपासच्या आपल्या मराठी ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. फिफ्थ व्हील म्हणजे पिकअप ट्रकच्या मागच्या हौद्यातल्या जोडणीला (हिचला) लावून ओढायचा, राहण्याची सोय असलेला ट्रेलर. नवीन ट्रेलर घेताना डीलर सगळं भराभर दाखवतो, टीव्ही, फायरप्लेस, बटण दाबलं की स्लाईड (खोलीचा सरकता भाग) कशी बाहेर येते वगैरे, आणि देखभालीचं जाडजूड पुस्तक हातात देतो, ते जे ड्रॉवरमध्ये जातं ते परत बाहेर येतच नाही. आमच्याकडे जी खरी मोठ्या खर्चाची कामं येतात ती बहुतेक दोनच कारणांनी येतात, छपरातून मुरलेलं पाणी आणि चाकांकडे झालेलं दुर्लक्ष. पंप बिघडला तर बदलता येतो, फ्रिज दुरुस्त होतो, पण भिंतीतलं लाकूड कुजलं की खर्च ऐकून लोक खाली बसतात, म्हणून सुरुवात तिथूनच.

छप्पर

वरचं शीट रबराचं (ईपीडीएम) किंवा टीपीओचं (एक प्रकारच्या प्लॅस्टिकचं) असतं आणि ते तसं बरीच वर्षं टिकतं. गळतं ते जिथे जिथे भोक पाडलंय तिथे, म्हणजे व्हेंट, एसी, अँटेना, स्कायलाईट, मागची शिडी आणि पुढची-मागची कड. या सगळ्याभोवती सीलंट लावलेलं असतं आणि टेक्ससच्या उन्हात ते वाळतं, वर रस्त्यावर ट्रेलर सारखा हलत असतो त्यामुळे त्याला बारीक चिरा पडतात. दर तीन महिन्यांनी एकदा वर चढून बघा (चालण्यासारखं छप्पर आहे ना ते आधी मॅन्युअलमध्ये बघा, आणि शिडी धरायला खाली कोणीतरी असू द्या). नुसतं लांबून बघू नका, सीलंटच्या कडेवरून बोट फिरवा. नख खाली जातंय किंवा केसाएवढी चीर दिसतेय तर ती जागा स्वच्छ पुसून, पूर्ण वाळू देऊन वरून नवीन लॅप सीलंट (आरव्हीच्या छपरासाठीचं खास सीलंट) लावायचं, सपाट जागेवर आपोआप पसरणारं आणि उभ्या कडेवर न ओघळणारं. हार्डवेअरच्या दुकानातलं साधं सिलिकॉन प्लीज लावू नका, त्याच्यावर नंतर दुसरं काहीच धड चिकटत नाही आणि आम्हाला ते सगळं खरवडून काढावं लागतं. रबरी छपरावर पेट्रोलियमवाला क्लीनर पण नको, रबर फुगतं. गारा पडून गेल्यावर तर तीन महिन्यांची वाट न बघता वर जाऊन या.

आतून पण बघायचं. वरच्या कपाटांचे कोपरे, स्लाईडच्या वरची बाजू आणि बेडच्या डोक्याकडची भिंत हाताने दाबून बघा, मऊ लागलं किंवा कोंदट वास आला तर पाणी आत आलंय. बाहेरच्या भिंतीला फुगा आलेला दिसला तर लगेच फोन करा, पुढच्या सीझनवर ढकलू नका.

चाकं

ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. बऱ्याच जणांचा ट्रेलर वर्षातले कितीतरी महिने उन्हात नुसता उभा असतो, नक्षी अगदी नवी दिसते आणि हायवेवर टायर फुटतो, आणि फुटताना तो खालची वायरिंग, पाईप, फेंडर सगळं झोडपून काढतो. टायरवर डीओटी लिहिलेल्या नंबरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३वा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली की नक्षी कितीही चांगली असली तरी बदला. हवा सकाळी निघायच्या आधी, टायर गार असतानाच तपासायची, तापल्यावर आकडा जास्त दिसतो म्हणून हवा सोडायची नाही. बऱ्याच ट्रेलर टायरची वेगमर्यादा ताशी ६५ मैल असते, तुमच्या ट्रकला ८० झेपतं म्हणून टायरला झेपेल असं नाही.

चाक काढून परत लावलं असेल तर १०, २५ आणि ५० मैलांवर थांबून टॉर्क रेंचने नट परत आवळायचे. हे कंटाळवाणं आहे पण याला पर्याय नाही. बेअरिंग १२ महिने किंवा १२,००० मैल, जे आधी होईल तेव्हा काढून, साफ करून, ग्रीस भरून घ्या. ग्रीस गनने बाहेरूनच भरायची सोय बऱ्याच एक्सलला असते पण जोरात पंप मारले तर सील फुटून ग्रीस ब्रेकवर जातं, आणि तसे ब्रेक शूज बदलावेच लागतात. ब्रेक आपोआप ॲडजस्ट होणारे नसतील तर दर ३,००० मैलांनी ॲडजस्ट करून घ्या. प्रवासात गॅसला थांबलात की साधं इन्फ्रारेड थर्मामीटर प्रत्येक चाकाच्या हबवर (मधल्या भागावर) धरा, एकच हब बाकीच्यांपेक्षा खूप तापलं असेल तर तसंच पुढे जाऊ नका.

हिच

किंगपिन (ट्रेलरच्या पुढे खाली असलेली, हिचमध्ये अडकणारी जाड खीळ) आणि हिचची प्लेट साफ ठेवा. प्लॅस्टिकची चकती लावली असेल तर ग्रीस नको, नसेल तर ग्रीस हवंच. जोडल्यावर जबडा किंगपिनभोवती बसलाय का ते टॉर्चने बघा आणि ट्रेलरचे पुढचे पाय जमिनीला टेकलेले असतानाच, ट्रेलरचा ब्रेक दाबून ट्रक हळूच पुढे ओढून बघा. यात घाई केली तर ट्रेलरचं नाक थेट ट्रकच्या हौद्यावर पडतं. ब्रेकअवेची केबल (ट्रेलर सुटला तर ओढली जाऊन त्याचे ब्रेक लावणारी) ट्रकला बांधा, हिचला नको, कारण हिचच निसटलं तर ती ओढलीच जाणार नाही.

आतलं थोडं

आपल्याकडे ट्रेलरमध्येही फोडणी होतेच, त्यामुळे चिमणीची जाळी साबणाच्या गरम पाण्याने वरचेवर धुवा आणि तेलकट भांडी आधी पेपर टॉवेलने पुसून मगच सिंकमध्ये टाका, नाहीतर ग्रे टँकच्या (सिंक-शॉवरच्या सांडपाण्याच्या टाकीच्या) सेन्सरवर तेलाचा थर बसतो. कुकर लावला की छताचा व्हेंट उघडा. ब्लॅक टँकचा (टॉयलेटच्या टाकीचा) व्हॉल्व्ह हुकअपवर (कॅम्पसाईटच्या पाणी-ड्रेनेजला जोडलेले) असतानासुद्धा बंदच ठेवा, टँक बऱ्यापैकी भरला की एकदम सोडा. वॉटर हीटर सबर्बन कंपनीचा असेल तर त्यात ॲनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः गंजणारी धातूची कांडी) असतो, दरवर्षी काढून बघा आणि तीन चतुर्थांश खाल्ला गेला असेल तर बदला, पण आधी हीटर बंद करून, पाणी गार होऊ देऊन आणि प्रेशर सोडूनच. गॅस डिटेक्टरवर तारीख असते, ती उलटली की टेस्टचं बटण वाजत असलं तरी डिटेक्टर नवीन घ्या. आणि हीटर-फर्नेसच्या बाहेरच्या जाळ्या बघा, कुंभारीण माशी आत मातीचं घर करते आणि बर्नर नीट पेटत नाही.

थंडी

२०२१ च्या फेब्रुवारीत टेक्ससमध्ये कडाक्याची थंडी पडून काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. आपल्याकडे थंडी कमी म्हणून कोणी विंटराईझ करत नाही (पाईप गोठू नयेत म्हणून थंडीआधी तयारी) आणि एका रात्रीत पाईप फुटतात. वॉटर हीटर बायपास करायचा (त्याच्यात पाणी जाणार नाही असं करायचं), टाक्या रिकाम्या करायच्या, मग पंपाने गुलाबी आरव्ही अँटीफ्रीझ प्रत्येक नळातून गुलाबी रंग दिसेपर्यंत फिरवायचं. टॉयलेट आणि बाहेरचा शॉवर पण. साधारण दोन-तीन गॅलन लागतं. गाडीचं हिरवं अँटीफ्रीझ अजिबात वापरू नका, ते विषारी आहे.

यातलं छपराचं आणि बेअरिंगचं काम तुमच्या दारात येऊन आम्ही करतो. फोन करायच्या आधी ट्रेलरच्या डाव्या बाजूला पुढे जे स्टिकर असतं त्याचा फोटो काढून ठेवा, त्यावर व्हीआयएन (ट्रेलरचा ओळख नंबर), टायरचा साईझ आणि हवेचा आकडा असतो, म्हणजे आम्ही बरोबर सामान घेऊनच येऊ.