फाइल पाथ (प्रोग्रॅमिंग लायब्ररींमधला)

फाइल पाथ म्हणजे फाइल कुठल्या फोल्डरात आहे ते सांगणारा पत्ता. दिसायला साधी स्ट्रिंग (अक्षरांची ओळ), पण तीच स्ट्रिंग लिनक्सवर एक सांगते आणि विंडोजवर भलतंच, म्हणून तिचा अर्थ लावायचं काम बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांनी लायब्ररीवर (तयार कोडच्या संचावर) टाकलंय.

दुखणं जुनं आहे. युनिक्समध्ये (लिनक्स ज्या घराण्यातला) फोल्डरं / ने तोडतात. डॉसच्या (विंडोजच्या आधीची मायक्रोसॉफ्टची सिस्टम) १९८१ च्या पहिल्या आवृत्तीत फोल्डरच नव्हते आणि / कमांडच्या ऑप्शनला वापरून झाला होता, मग १९८३ मध्ये डॉस २.० सोबत फोल्डर आले तेव्हा \ घेतला, आणि ते आपण अजून निस्तरतोय. गंमत म्हणजे विंडोजच्या बहुतेक सिस्टम कॉलना (प्रोग्रॅम सिस्टमकडे काम मागतो त्या हाकांना) / पण चालतो (\\?\ ने सुरू होणाऱ्या पाथात मात्र नाही). उलट लिनक्सवर \ हे नावातलं एक अक्षर फक्त, त्यामुळे 'अ\ब' ही तिथे एकच फाइल.

पायथॉन भाषेचं ओएस.पाथ चालू सिस्टम बघून गुपचूप पोझिक्सपाथ (युनिक्सवाल्यांसाठी) नाहीतर एनटीपाथ (विंडोजसाठी) पुढे करतं. पायथॉन ३.४ पासून पाथलिब ही लायब्ररी आहे, त्यातल्या 'प्युअर' क्लासमुळे लिनक्सवर बसून विंडोजचा पाथ सोडवता येतो, कारण तो डिस्कला हातच लावत नाही. नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं) त्यासाठी पाथ.विन३२ आणि पाथ.पोझिक्स. गो या भाषेत दोन वेगळी पॅकेजं, पाथ आणि फाइलपाथ, पहिलं कायम / धरून चालतं, यूआरएलसाठी ठीक, पण डिस्कवरच्या फाइलींना नको, आणि नावं इतकी सारखी की नवीन माणूस हमखास चुकतो.

खरा घोळ मात्र स्लॅशचा नाहीच. विंडोजवर 'सी:\यादी' हा पूर्ण पाथ, पण 'सी:यादी' म्हणजे सी ड्राइव्हवर आत्ता जो फोल्डर चालू असेल त्यातली यादी. जॉइनचं (पाथाचे तुकडे जोडणारं फंक्शन) पण तसंच, पायथॉनमध्ये दुसरा तुकडा पूर्ण पाथ असेल तर पहिला सरळ फेकला जातो, एरर नाही काही नाही, युजरने दिलेलं नाव न तपासता जोडलं की सिक्युरिटीचं भोक तयार.

आणि '..' (एक फोल्डर वर जा) तर सगळ्यात फसवं. 'अ/../ब' म्हणजे 'ब' असं पायथॉनचं नॉर्मपाथ आणि गो चं क्लीन नुसती अक्षरं बघून ठरवतात, पण युनिक्सवर 'अ' हा सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे नेणारी पाटी) असेल तर '..' तो लिंक जिथे नेतो तिथल्या वरच्या फोल्डरात जातो, म्हणून पाथलिब पाथ बनवताना '..' ला हात लावत नाही, रिझॉल्व्ह बोलावलं तरच डिस्क बघून सोडवतं.