ऑक्सिजनची मशीन आणि सीपॅप: नळी सारखी, काम वेगळे

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या काही मराठी घरांत २०२१ च्या कोरोनाकाळात घेतलेला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आजही माळ्यावर झाकून ठेवलेला असतो. घरातले कोणी मोठ्याने घोरू लागले आणि झोपेत गुदमरल्यासारखे होऊन दचकून उठू लागले, की तोच खाली काढण्याचा विचार सहज मनात येतो. डॉक्टरांनी सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारे यंत्र, सुचवले असले, तरी ‘आमच्याकडे श्वासाची मशीन आहेच’ असे म्हणून नातेवाईक निर्धास्त होतात. दोन्ही यंत्रे विजेवर चालणाऱ्या पेट्या आहेत, दोन्हींची नळी नाकाशी येते आणि बोलण्यात दोन्हींना एकच नाव आहे. गोंधळ समजण्यासारखा असला, तरी त्यातून चुकीचा उपचार वर्षानुवर्षे चालू राहतो, म्हणून हा फरक नीट पाहायला हवा.

कॉन्सन्ट्रेटर हवेतल्या घटकांचे प्रमाण बदलतो. आपल्या भोवतालच्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन आणि ७८ टक्के नायट्रोजन असतो. हे यंत्र खोलीतलीच हवा ओढून झिओलाइट नावाच्या दाणेदार पदार्थातून दाबाने नेते, तिथे नायट्रोजन अडकतो आणि पुढे ९० ते ९५ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन बारीक नळीने नाकपुड्यांपर्यंत पोचतो. तो आत ओढून घेण्याचे काम मात्र रुग्णाच्या स्वतःच्या श्वासाचे असते.

सीपॅप हवेतल्या घटकांना हात लावत नाही. ते खोलीतलीच साधी हवा, पण सलग दाबाखाली, मास्कमधून देते. हा दाब कशासाठी, हे समजायला घोरण्याचे मूळ पाहावे लागते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. ज्यांचा घसा मुळात अरुंद असतो, मानेभोवती चरबी असते किंवा खालचा जबडा मागे असतो, त्यांच्यात जीभ आणि पडजिभेजवळचा मऊ भाग मागे सरकून वाट बंद होते. छाती श्वास घेण्याचा प्रयत्न करीत राहते, पण हवा आत जात नाही. या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. असा खंड किमान १० सेकंदांचा असेल तर तो मोजला जातो, आणि गंभीर आजारात ताशी ३० किंवा त्याहून अधिक वेळा श्वास बंद पडतो किंवा उथळ होतो. उसाच्या शेतात पसरलेला गुंडाळी करता येणारा प्लास्टिकचा पाईप आपण सर्वांनी पाहिला आहे: पंप चालू असेतोवर तो गोल फुगलेला असतो आणि पंप थांबताच चपटा होऊन जमिनीला चिकटतो. सीपॅपचा दाब घशाला त्या चालू पंपासारखा आतून आधार देतो. हा दाब बहुधा ४ ते २० सेंटिमीटर पाण्याइतका, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या तुलनेत जेमतेम अर्धा ते दोन टक्के असतो, पण वाट उघडी ठेवायला तेवढा पुरतो. ऑस्ट्रेलियातील कॉलिन सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली हा उपचार प्रथम मांडला.

आता गफलत नेमकी कुठे होते ते पाहू. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आज घरोघरी आहे. झोपलेल्या माणसाच्या बोटाला तो लावून ८४ किंवा ८२ आकडा दिसला, की घरच्यांचा जीव घाबरतो आणि ‘ऑक्सिजन कमी आहे, ऑक्सिजन द्या’ असा सरळ हिशेब मांडला जातो. पण आकडा का घसरला हे आकडा सांगत नाही. वाट बंद होऊन उघडणाऱ्या रुग्णात रात्रभराची नोंद करवतीच्या दातांसारखी उमटते: घसरण, जागेपणाचा झटका, पुन्हा वाढ, पुन्हा घसरण. फुप्फुसेच निकामी होत चाललेल्या रुग्णात ती बहुधा सलग खालच्या पातळीवर राहते. दार बंद असताना बाहेर कितीही शुद्ध ऑक्सिजन ठेवला, तरी तो आत जाणार नाही, एवढे ध्यानात घेतले तरी पुष्कळ आहे.

याहून काळजीची गोष्ट अशी, की कॉन्सन्ट्रेटर लावल्यावर आकडा सुधारतोही. आधीच्या श्वासात फुप्फुसांत जास्त ऑक्सिजन साठलेला असल्याने घसरण सावकाश होते, कधी कधी खंड अधिक लांबतो, आणि घरच्यांना गुण आल्यासारखे वाटते. झोप मात्र तशीच तुटत राहते. अमेरिकेत हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा धोका असलेल्या ३१८ रुग्णांवर बारा आठवडे झालेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात चोवीस तासांचा सरासरी रक्तदाब सीपॅपने उतरला; नुसत्या ऑक्सिजनने उतरला नाही. अतिस्थूल व्यक्तींमध्ये, ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड आधीच साठत असतो, देखरेखीशिवाय दिलेला ऑक्सिजन तो साठा वाढवूही शकतो. सकाळी डोके जड होणे, दुखणे आणि दिवसभर गुंगी राहणे ही त्याची लक्षणे आहेत. अशा काहींना सीपॅपऐवजी श्वास घेताना आणि सोडताना वेगवेगळा दाब देणारे बायपॅप लागते.

मग ऑक्सिजन कोणासाठी? आयुष्यभर चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेली खानापूरच्या जंगलपट्ट्यातली आजी, किंवा वर्षानुवर्षे विडी ओढलेले निपाणीकडचे आजोबा, ज्यांना जागेपणीही चार पावलांत धाप लागते, त्यांच्या फुप्फुसांतच बिघाड असतो. स्थिर प्रकृतीत धमनीतील रक्तात ऑक्सिजनचा दाब ५५ मिलिमीटर पारा किंवा त्याखाली असेल, तर दिवसातून किमान १५ तास ऑक्सिजन घेतल्याने आयुष्य वाढते, हे सिद्ध झालेले आहे. त्यांच्यासाठी सीपॅप हा पर्याय नव्हे. दोन्ही आजार एकत्र असणारेही रुग्ण असतात, आणि त्यांना सीपॅपच्याच नळीत ऑक्सिजन जोडून दिला जातो. पण तो निर्णय तपासणीनंतरचा आहे.

ती तपासणी म्हणजे स्लीप स्टडी: एका रात्रीत श्वासाचा प्रवाह, छातीची हालचाल, ऑक्सिजन आणि गरजेनुसार मेंदूचे तरंग यांची नोंद. दिवसा गाडी चालवताना डुलकी लागणाऱ्याने, विशेषतः निपाणी, संकेश्वर, बेळगाव या महामार्गावर रोज जाणाऱ्याने, ती लांबणीवर टाकू नये. अहवाल इंग्रजीत मिळतो, यंत्र समजावून देणारा तंत्रज्ञ कदाचित कन्नडमध्ये बोलतो, आणि आपले वडीलधारे संकोचाने मान हलवतात. सोबत गेलेल्याने न लाजता पुन्हा विचारावे आणि दाबाचा आकडा, मास्कचा प्रकार व आकार मराठीत लिहून घ्यावा. दुसऱ्याचे सीपॅप उसने आणून त्याच्याच दाबावर झोपणे मला योग्य वाटत नाही, कारण तो दाब त्याच्या घशासाठी ठरवलेला असतो. वजन कमी करणे, कुशीवर झोपणे आणि रात्री दारू टाळणे यांचा उपयोग होतो, पण गंभीर आजारात एवढ्यावर भागत नाही.

घरात वापरतानाही फरक आहे. कॉन्सन्ट्रेटरजवळ समई, निरांजन, उदबत्ती किंवा पेटती विडी असता कामा नये, कारण ऑक्सिजनमुळे आग झपाट्याने भडकते; देवघराच्या खोलीत झोपणाऱ्या वृद्धांची जागा त्यासाठी बदलावी. सीपॅपमध्ये साधी हवा असल्याने हा धोका नसतो, मात्र मास्क रोज पुसावा लागतो. पावसाळ्यात खानापूरकडे रात्रभर वीज गेली तर मिनिटाला ५ लिटर ऑक्सिजन देणाऱ्या कॉन्सन्ट्रेटरला सुमारे ३०० ते ३५० वॅट लागतात आणि घरगुती इन्व्हर्टर लवकर उतरतो, म्हणून ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णाकडे भरलेला सिलिंडर राखीव हवाच. सीपॅप, हवा दमट करणारा भाग बंद ठेवल्यास, ५० वॅटच्या आत चालते आणि बॅटरी चांगली असेल तर त्याच इन्व्हर्टरवर सकाळ गाठते. तेही बंद पडले, तर त्या रात्री उशाकडची बाजू उंच करून कुशीवर झोपावे आणि वीज येताच मास्क पुन्हा लावावा.