नॉर्थ अँड साउथ : कादंबरी आणि बीबीसीची मालिका

नॉर्थ अँड साउथ ही एलिझाबेथ गॅस्केल यांची कादंबरी. आधी चार्ल्स डिकन्सच्या हाउसहोल्ड वर्ड्स या साप्ताहिकात सप्टेंबर १८५४ ते जानेवारी १८५५ अशी हप्त्याहप्त्याने आली आणि १८५५ मध्येच पुस्तक निघालं. गॅस्केलबाईंच्या मनात नायिकेचंच नाव होतं, मार्गारेट हेल, पण आजचं नाव डिकन्सने सुचवलं. हप्त्यांच्या लांबीवरून दोघांची बरीच कुरबुर झाली, शेवट घाईत गुंडाळावा लागला असं बाईंना वाटत होतं, म्हणून पुस्तक करताना त्यांनी तिथे मजकूर वाढवला. २००४ मध्ये बीबीसीने यावर चार भागांची मालिका केली, पटकथा सँडी वेल्चची, दिग्दर्शन ब्रायन पर्सिव्हलचं. दोन्ही एकापाठोपाठ अनुभवावं आणि शक्यतो पुस्तक आधी वाचावं, कारण मालिकेने काय बदललं हे कळण्यातच अर्धा आनंद आहे.

गोष्ट अशी की दक्षिणेतल्या हेल्स्टन नावाच्या हिरव्यागार खेड्यातले पाद्री मि. हेल मनातल्या शंकांमुळे चर्च सोडतात आणि बायको-मुलीला घेऊन मिल्टन या धुराने काळवंडलेल्या गिरणगावात येतात. मिल्टन म्हणजे मँचेस्टरच. गॅस्केलबाई तिथेच राहायच्या, नवरा तिथल्या क्रॉस स्ट्रीट चॅपलमध्ये धर्मोपदेशक, त्यामुळे कामगारांची घरं त्यांनी आतून बघितलेली होती आणि १८५३-५४ चा प्रेस्टनचा मोठा संपही ताजा होता. तिथे मार्गारेटची गाठ पडते गिरणीमालक जॉन थॉर्नटनशी आणि युनियनवाल्या निकोलस हिगिन्सशी.

हिगिन्सची मुलगी बेसी कापसाची धूळ छातीत जाऊन मरणाला टेकलेली असते. ती सांगते की कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस पिंजतात तिथे, धूळ ओढून घेणारं चाक बसवता येतं पण त्याला पाच-सहाशे पौंड लागतात आणि नफा काही नाही, म्हणून थोडेच मालक बसवतात. आणि काही कामगारांनाही ते चाक नको असतं, कारण वर्षानुवर्षं धूळ गिळायची सवय झालेली, ती थांबली की भूक जास्त लागते! एवढं एक वाक्य वाचलं की गरिबी म्हणजे काय ते कळतं. मुंबईच्या गिरणगावाशी ज्यांच्या घराचा संबंध आहे त्यांना हे परकं वाटणारच नाही. बिसिनोसिस हा कापसाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार तिथल्या कामगारांनीही भोगला, आणि योगायोग बघा, कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली तीही १८५४ मध्येच.

कादंबरीत गिरणीच्या आतलं वर्णन फार कमी आहे, बहुतेक सगळं दिवाणखान्यातल्या आणि स्वयंपाकघरातल्या बोलण्यातून कळतं. मालिका मात्र गिरणीचं दार उघडूनच दाखवते, खडखडणारे माग आणि हवेत बर्फासारखा तरंगणारा कापूस. त्यासाठी बर्नलीच्या क्वीन स्ट्रीट मिलमध्ये शूटिंग केलं आणि मिल्टनचे रस्ते म्हणून एडिनबरा वापरलं. पण इथेच मोठा बदल आहे. मालिकेत मार्गारेट थॉर्नटनला पहिल्यांदा बघते तेव्हा तो गिरणीत पाइप ओढणाऱ्या कामगाराला बेदम मारत असतो. पुस्तकात असं काहीच नाही, भेट होते हॉटेलच्या खोलीत, आणि तिला तो आवडत नाही कारण तो धंदेवाईक, पुरेसा जंटलमन नाही. म्हणजे पुस्तकात दोष तिच्या ताठ्याचा आणि मालिकेत त्याच्या रागाचा. थॉर्नटन झालेल्या रिचर्ड आर्मिटेजने तो राग फार छान पेलला हे खरं, पण मार्गारेटचा गर्व हळूहळू उतरणं हाच पुस्तकाचा गाभा, त्यातलं काहीतरी यात निसटतं.

थॉर्नटनच्या आईची भूमिका सिनेड कुसॅकने केलीय आणि तिथे मालिका पुस्तकाच्या बरोबरीला जाते. नवऱ्याने सट्ट्यात बुडून आत्महत्या केली, पोराने दुकानात राबून घर उभं केलं, आणि आता त्याला कोणीतरी आपल्यापासून नेणार ही तिची धास्ती, ती वाईट बाई वाटतच नाही, उलट पोटात कालवतं.

शेवट तर दोन्हींचे अगदी वेगळे. मालिकेत उत्तरेची आणि दक्षिणेची गाडी एका स्टेशनात थांबते आणि फलाटावर, चारचौघांत, दोघं एकमेकांना जवळ घेतात. त्या काळात असं कोणी केलं असतं का, तर नसतंच केलं, तरी डोळे भरून येतात. पुस्तकात हे घडतं लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरच्या खोलीत आणि सुरुवात होते चक्क हिशेबाने : बँकेत अडीच टक्के व्याजावर पडून असलेले आपले १८,०५७ पौंड मार्गारेट बुडालेल्या थॉर्नटनला गिरणीसाठी देऊ करते, बोलता बोलता कागद शोधायचं निमित्त करते. मग तो हेल्स्टनहून आणलेली वाळकी गुलाबाची फुलं दाखवतो. तिची मावशी हे ऐकून काय म्हणेल, यावर तो म्हणतो, "तो माणूस!" आणि ती म्हणते, गप्प बस, नाहीतर तुझी आई कुठल्या आवाजात "ती बाई!" म्हणेल ते करून दाखवेन.