सिमेंटने वाड्याची वीट पक्की होत नाही
‘विटांमधल्या दरजांत सिमेंट भरले की वाड्याची भिंत पक्की होते’ हा पुण्याच्या पेठांतला जुना समज चुकीचा आहे. शनिवारवाडा १७३२ मधला, पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४ चे. तेव्हा ते विटकाम सिमेंटचे असणे शक्यच नव्हते, ते चुन्यातले होते. चुना विटेपेक्षा मऊ असतो, त्यामुळे पावसाळ्यात मुरलेली ओल दरजांतून सुकते आणि झीज झालीच तर ती चुन्याची होते, जो पुन्हा भरता येतो. सिमेंटने ही वाट बुजली की ओल विटेतून निघते, लोणा (क्षारांचा पांढरा थर) धरतो, पापुद्रे सुटतात. नखाने खरवडल्यास लाल भुकटी हाती येते आणि भोवतालची सिमेंटची चौकट तेवढी शाबूत राहते, जिला लोक मजबुती म्हणतात! दरजा चुना-वाळूनेच भराव्यात आणि काही दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवाव्यात.