गेल्या तीस दिवसांत किती कांदे आणलेत?

"आई, गेल्या तीस दिवसांत किती कांदे आणलेस गं?" आईने क्षणभर विचार केला. "आठवड्याला दोन किलो. म्हणजे आठ." हे आठवून दिलेलं उत्तर नव्हतं, तो गुणाकार होता. मग मी फक्त गेल्या सात दिवसांचं विचारलं. ती बोटं मोजू लागली. "बाजाराच्या दिवशी दोन किलो, आणि ताई आली तेव्हा आणखी एक." मावशी येऊन बारा दिवस झाले होते.

एका कांद्याच्या प्रश्नात दोन चुका दिसल्या. अवधी लांबला की बारीकसारीक खरेदी विसरली जाते आणि खर्च कमी भरतो. अवधी आखूड केला की ठसठशीत आठवणी तारखेची कुंपणं ओलांडून आत येतात आणि खर्च फुगतो. एक चूक टाळायला गेलं की दुसरी वाढते. मला यातलं हेच सगळ्यात विलक्षण वाटतं.

घरोघरी जाऊन खर्च विचारणाऱ्या, आणि जिच्या आकड्यांवरून गरिबी मोजली जाते त्या आपल्या सरकारी राष्ट्रीय नमुना पाहणीने 1994 ते 1998 या काळात हे तपासलं. निम्म्या घरांना सगळं तीस दिवसांचं विचारलं. उरलेल्यांना खाण्यापिण्याचं सात दिवसांचं आणि कपडे, भांड्यांसारख्या क्वचित घेतल्या जाणाऱ्या वस्तूंचं वर्षाचं. दुसऱ्या पद्धतीत खर्च इतका जास्त निघाला की तीच धरली असती तर देशातल्या गरिबांची संख्या जवळजवळ निम्मी झाली असती. माणसं तशीच, ताटं तशीच. बदलला होता फक्त प्रश्न.

1999-2000 मध्ये खाण्यापिण्यासाठी सात आणि तीस दिवसांचे रकाने एकाच तक्त्यात शेजारी-शेजारी ठेवले, आणि दोन्ही उत्तरं एकमेकांजवळ आली. एक आकडा सांगितला की दुसरा त्याच्याशी जुळवून सांगायचा, हे माणूस नकळत करतो. त्या पाहणीतून गरिबी 36 वरून 26 टक्क्यांवर आल्याचं जाहीर झालं, आणि अर्थतज्ज्ञांचा वाद वर्षानुवर्षं चालला.

कुंपण ओलांडणाऱ्या आठवणींवर 1964 मध्ये अमेरिकेत नेटर आणि वॉक्सबर्ग या संख्याशास्त्रज्ञांनी उपाय तपासला. त्याच घरी पुन्हा जायचं, मागच्या भेटीत नोंदलेले खर्च समोर ठेवायचे आणि त्यानंतरचेच विचारायचे. आधीची भेट हीच कुंपणाची तार.

2022-23 च्या पाहणीत भाज्या, फळं, तेल, अंडी-मांस सात दिवसांचं, धान्य तीस दिवसांचं आणि कपडे वर्षाचे विचारले. एकाच घरी तीनदा जाऊन तीन वेगळ्या प्रश्नावल्या भरल्या. तरीही जुन्या पाहणीचा आकडा तिच्याशेजारी ठेवून "गरिबी इतकी घटली" असे संदेश फिरतात. ते पुढे पाठवण्याआधी दोन्ही वेळी प्रश्न कसा विचारला होता, एवढं तरी बघा.