राखणीचं कुत्रं जातीवर नाही, वाघुरीत तयार होतं

निपाणीकडच्या आमच्या एका दोस्तानं शेळ्या पाळल्या आणि राखणीला म्हणून मुधोळचं पिल्लू आणलं, चांगले दणकून पैसे मोजून. दारात साखळी, सकाळी दूध-चपाती, पोरांच्या अंगावर उड्या, सगळे लाड झाले. वर्षानं शेळ्यांत सोडलं तर पहिल्याच दिवशी एका करडाला माळभर पळवून तंगडीला धरलं. आता हा म्हणतोय जातच खोटी निघाली.

खोटी कुठली ओ, जात अगदी खरी निघाली. मुधोळ हे नजरेनं सावज हेरून पळत जाऊन धरणारं शिकारी कुत्रं, पिढ्यान्‌पिढ्या त्याच कामासाठी निवडलेलं, त्यानं त्याचं काम केलं. लांडग्याच्या शिकारीला पायऱ्या असतात: हेरणं, टक लावणं, दबकत जाणं, पाठलाग, धरणं, मारणं, फाडणं. माणसानं कुत्र्यांच्या वेगवेगळ्या जातींत यातल्या काही पायऱ्या वाढवल्या, काही दाबल्या. बॉर्डर कोली टक लावतं, दबकतं, पळवतं आणि तिथंच थांबतं, म्हणून ते मेंढरं हाकायला चालतं. राखणदाराचं उलटं, त्याच्यात ही सगळी भानगडच थंड पाहिजे. आपल्याकडं लोक चावरं कुत्रं शोधतात, तिथंच गाडी चुकते.

दुसरी गोष्ट वयाची, आणि माझ्या मते हीच खरी. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्यापर्यंत पिल्लू ज्यांच्यात वाढतं ते त्याला आपले वाटतात. अमेरिकेत १९६१ साली एक प्रयोग छापून आला, त्यात पिल्लांना माणसापासून लांब वाढवलं आणि थोडी थोडी करून वेगवेगळ्या वयात माणसाची ओळख करून दिली, तर ज्यांनी चौदा आठवड्यांपर्यंत माणूसच बघितला नव्हता ती नंतर कितीही माया केली तरी माणसाळली नाहीत. म्हणजे ते दार बंद झालं की झालं. आता हाच हिशोब शेळीला लावा. आमच्या दोस्ताच्या कुत्र्यासाठी पोरं घरची आणि शेळ्या परक्या.

ही अक्कल माणसाला नवीन नाही. डार्विन १८३३ साली उरुग्वेत फिरत होता तेव्हा त्यानं लिहून ठेवलंय की तिथले मेंढपाळ बारकं पिल्लू आईपासून तोडायचे, दिवसातनं तीन-चारदा मेंढीला पाजायला लावायचे, मेंढरांच्या कोंडवाड्यातच लोकरीचं अंथरूण करून द्यायचे आणि दुसऱ्या कुत्र्यांत किंवा घरच्या पोरांत मिसळूच द्यायचे नाहीत. अमेरिकेतल्या नवाहो लोकांची राखणदार कुत्री तर चक्क मिश्र गावठी, कुठल्या जातीचा पत्ता नाही, पण बारक्यापणापासून मेंढरांतच वाढलेली. आपल्या धनगरांच्या वाड्यावर वाघुरीच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, कडेनं लोळणारी कुत्री बघा की, तीच गोष्ट. जातीचा काही फरक पडत नाही असं मी म्हणत नाही, मोठ्या अंगाचं आणि शांत डोक्याचं कुत्रं चांगलंच, पण घ्यायचं तर कामावर असलेल्या आईबापाचं पिल्लू घ्या, जातीचे पेपर बघून नको.

तर सात-आठ आठवड्यांचं पिल्लू आणायचं आणि शेळ्या-मेंढरांतच ठेवायचं, म्हातारी मारकी शेळी त्यात नको, गरीब करडं-कोकरं बरी, आणि पिल्लाला सटकायला एक कोपरा पाहिजे. खायला तिथंच घालायचं पण शेळ्यांचं तोंड पोचणार नाही असं. माणसानं हात लावायचा, हाक मारल्यावर आलं पाहिजे, इंजेक्शनला धरता आलं पाहिजे, पण मांडीवर घेऊन खेळवायचं नाही. हे आपल्या पोरांना सांगणं हेच सगळ्यात अवघड काम!

सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत मात्र ते वांड पोरासारखं वागतं. कोकराचे कान ओढेल, लोकर उपटेल, खेळता खेळता एखादं दमवून मारेल पण. इथं बरेचजण कंटाळून कुत्रं काढून टाकतात. बाहेरच्या देशात अशा वेळी गळ्यात आडवं लाकूड लोंबकळत सोडतात, पळताना पायाला लागतं आणि वेग कमी होतो. आपल्याकडं वांड जनावराला लोढणं घालतात, तसलंच. नुसतं मारून काही होत नाही, नजर ठेवायची आणि वाट बघायची, दोन वर्षांच्या आसपास डोकं ठिकाणावर येतं.

कुत्रं लांडग्याशी मारामारी करतं असं आपल्याला वाटतं, खरं तर ते फार कमी वेळा होतं. ते भुंकतं, मध्ये येऊन उभं राहतं, जागोजागी मुतून हद्द सांगतं, आणि शिकार करायला आलेल्याचा सगळा डाव मोडतो. नामिबियात १९९४ पासून शेतकऱ्यांना तुर्की अनातोलियन कुत्री वाढवून देतात, शेळ्या वाचतात आणि शेतकरी चित्त्याला गोळी घालत नाही.

पण बेळगावकडच्या खानापूरच्या जंगलपट्ट्यात हे जसंच्या तसं चालणार नाही. पूर्वेकडच्या माळावर लांडगा, इकडं बिबट्या, आणि बिबट्याला कुत्रं म्हणजे खाऊ. नगरकडच्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासली, तर त्याच्या खाण्यात वजनानं ३९ टक्के कुत्रीच निघाली. म्हणून बिबट्या आहे तिथं एकटं कुत्रं आणि तेही साखळीला म्हणजे आमिषच. दोन-तीन मिळून मोकळी ठेवा, गळ्यात खिळ्यांचा पट्टा घाला, आणि रात्री शेळ्या बंदिस्त गोठ्यात, वरनं जाळी मारून. रेबीज आणि डिस्टेंपरची लस तर सोडायचीच नाही, कुत्र्याचा रोग लांडग्या-कोल्ह्यांत जातो. नसबंदी पण करून घ्या, भटकणं कमी होतं आणि लांडग्याशी संकर टळतो, पुण्याजवळ तसला संकर जनुकीय तपासणीत सापडलाय.

दोस्तानं आता अथणीकडच्या एका वाड्यावरनं दोन महिन्यांचं पिल्लू आणलंय, गावठीच आहे, काळं. मुधोळ दारातच आहे. पिल्लू रात्री शेळ्यांच्या पोटाशी झोपतंय, आणि पोरांना गोठ्यात जायला बंदी केल्यामुळं घरात रोज रडारड चाललीय.